अवसेची तार

दगाजी बोरसे रोज सकाळी चहाच्या आधी दाराबाहेरच्या खिळ्यावरून वीतभर तार काढायचे, ती आभाळाकडे धरून एक डोळा मिटायचे आणि एकच शब्द बोलायचे. बहुतेक दिवशी तो शब्द ‘धवयी’ असे. धवयी म्हणजे पांढरी. तो ऐकला की त्यांची बायको सखुबाई गॅस पेटवायची. ज्या दिवशी ते ‘कायी’ म्हणत, म्हणजे काळी पडू लागलेली, त्या दिवशी चहा लांबायचा. मग उरलेल्या आठ तारा बघायला त्यांना खाडीपर्यंत जावं लागे.

सुरतेला ते एकोणिसाव्या वर्षी आले. गाव अमळनेर तालुक्यातलं, तापीकाठचं. दोन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून तिसऱ्याचं नाव आईने दगा ठेवलं, यमाला दगा द्यायला. खानदेशात अशी नावं असतात. सुरतेत मात्र या नावाला लोक हसत, आणि हसणाऱ्यांना ते स्वतःच आधी हसवत.

पस्तीस वर्षं त्यांनी जरीच्या कारखान्यात काढली. केसासारखी बारीक तांब्याची तार हौदातून जायची आणि बाहेर येताना चांदीची होऊन यायची. हौदावर दगाजी. त्यांच्या नाकाची कारखान्यात ख्याती होती. पाण्यात काय कमी पडलं, काय जास्त झालं, ते हुंगून सांगायचे. ज्याने त्यांना हे काम शिकवलं त्या उस्तादाचा एक नियम होता आणि तो त्यांनी जन्मभर पाळला: वास येतोय तोवर सावध राहा, वास गेला म्हणजे हवा साफ. कारखाना दर अमावस्येला बंद असायचा. त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत मोजलेलं होतं. अश्विनीचा जन्म कधीचा म्हणून विचारलं तर ते म्हणत, “आखाडी आवस व्हयनी आनि तिसरे दिन.” तारीख सखुबाईला विचारावी लागे.

पुढे जरीत चांदी उरली नाही. प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीने तिची जागा घेतली आणि कारखाना मिटला. दगाजी घरी आले ते चांदी चढवलेल्या तारेचं एक रीळ घेऊन. मालकाने निरोप म्हणून दिलेलं.

घर कोसाडच्या वसाहतीत. वसाहतीच्या मागे खाडी. रस्ता खाडीला ओलांडतो तिथे खालून पाणी जायला बोगदा आहे. सुरतेत त्याला गरनाळं म्हणतात. गरनाळ्याला लागून, रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली, अंगणवाडीची एक खोली. शिकवायला एक बेन होती आणि सखुबाई तिथे मदतनीस होती. सकाळी घरोघर जाऊन मुलांना बोलावून आणायचं, त्यांची तोंडं धुवायची, त्यांना खाऊ घालायचं. पटावर बावीस मुलं.

सगळी सुरुवात सखुबाईच्या जोडव्यांपासून झाली. गेल्या वर्षी चैत्रात एका दुपारी ती अंगणवाडीतून आली ती पायाची बोटं लपवत. पण शेजारच्या रुपालीच्या नजरेतून काय सुटतं?

“अगं बाई, जोडवी काळी पडली की तुमची! कोळशात पाय घातले का?”

“घासू मंग. राखोडी लावू.”

“राखेनं जोडवी निघतील. पण काकांना जपा हो. जोडवी काळी पडणं बरं नसतं.”

सखुबाईने त्या दिवशी नीट जेवण केलं नाही. दगाजींनी मात्र जोडवं हातात घेतलं, उजेडात फिरवलं, हुंगलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, हौदावरची एकाग्रता आली.

“नजर नही हाई,” ते म्हणाले. “गंधक शे. हवामा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिळातून नऊ वीतभर तुकडे कापले. आइस्क्रीमच्या काड्यांवर गुंडाळले. पावसा-धुळीपासून वाचावेत म्हणून प्रत्येकावर प्लास्टिकचा चहाचा पेला उपडा बसवला. पहिली तार स्वतःच्या दारात. मग गल्लीने उतरत उतरत विजेच्या खांबावर, पिठाच्या गिरणीवर, पाण्याच्या टाकीवर. आठवी अंगणवाडीच्या खिडकीला. नववी गरनाळ्याच्या कठड्याला. दहावी वेगळी कापून त्यांनी बारडोलीला मेहुण्याकडे पाठवली, उसाच्या शेतातल्या खोपीत टांगायला. “तिकडनी तार धवयी ऱ्हायनी पाहिजे,” ते म्हणाले. “नही ऱ्हायनी तर मन्ही अक्कल कायी.” बारडोलीची तार सतरा महिने पांढरी राहिली.

चांदी एकदम काळी पडत नाही. आधी दुधाळ होते, मग पिवळी, मग तांबूस, जांभळी, निळी, आणि शेवटी काळी. या सहा पायऱ्यांचे नमुने त्यांनी एका पुठ्ठ्यावर चिकटवले होते. उतरवलेली प्रत्येक तार त्या पुठ्ठ्याशी जुळवायची, वहीत सेलोटेपने चिकटवायची, आणि शेजारी तिथी लिहायची. तारीख नाही, तिथी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बघून.

चारच महिन्यांत वहीची पानं बोलू लागली. पंधरवडाभर धवयी, धवयी, दुधाळ, धवयी. आणि अवसेच्या दुसऱ्या सकाळी नववी तार काळी, आठवी निळी, सातवी जांभळी. पुनवेलाही तसंच, थोडं कमी. एखाद्या वेळी काहीच नाही. पण पुढच्या वेळी पुन्हा. कोणीतरी खाडीत काहीतरी सोडत होतं. एकदा त्यांना गरनाळ्याजवळच्या चिखलात टँकरच्या चाकांचे ठसे दिसले होते, रुंद आणि खोल. टँकर कोणाचा, येतो कधी, जातो कधी, हे कोणी पाहिलं नव्हतं. किंवा ज्यांनी पाहिलं होतं ते बोलत नव्हते. गेल्या माघात अंगणवाडीतली तीन मुलं एकाच दुपारी ओकली. डोळे लाल झाले होते. डॉक्टर म्हणाला, उघड्यावरचं खाल्लं असेल.

तो दिवस पुनवेचा होता. दगाजींनी वहीत त्या तारेशेजारी तीन टिंबं काढली. त्यानंतर त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला: ती खोली तिथून हलली पाहिजे. वर देवळामागे वसाहतीचं सभागृह रिकामं पडलेलं होतं. एक कागद निघाला असता की झालं असतं. ते शहराच्या कचेरीत गेले. कारकुनाने अर्ज वाचला आणि हसून म्हणाला, “वास तो आखा सुरतमां आवे छे, काका. प्रूफ लावो.”

प्रूफ. तो शब्द घेऊन ते घरी आले.

अश्विनी त्यांची एकुलती एक मुलगी. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. त्याच कॉलेजात हौशी संशोधकांची परिषद भरणार असल्याचं तिनेच सांगितलं. ज्यांच्याकडे पदवी नाही पण निरीक्षणं आहेत, अशांसाठी. भित्तीपत्रक लावायचं, परीक्षकांना समजावून सांगायचं. त्यातून दहा निष्कर्ष निवडून, प्राध्यापकांच्या सह्यांनिशी, शहराच्या कचेरीत जाणार होते.

“सह्यांनिशी?” दगाजींनी दोनदा विचारलं.

भित्तीपत्रक बनवताना बाप-लेकीचं भांडण झालं ते तिथीवरून.

“आप्पा, तिथ्या काढून टाकू. तारखा घालते मी. लोक हसतील.”

तिने संगणकावर तारखांचा आलेख काढून दाखवलाही. सगळे काळे ठिपके कागदभर विखुरले. कधी बारा तारखेला, कधी तीसला, कधी एकोणीसला. नियम दिसेना. दगाजी त्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले. आपल्याच घरात आपलं माणूस ओळखू येऊ नये, तसे.

“तारीख सरकारनी शे,” ते शेवटी म्हणाले. “आवस आभायनी शे. जे दिसनं ते लिख.”

तिने तिथ्या ठेवल्या. अश्विनी आज सांगते, की तिने फक्त कंसात का होईना तारखा लिहायला हव्या होत्या. पण ती दुसऱ्याही एका गोष्टीबद्दल असंच सांगते, आणि ती गोष्ट जास्त जड आहे.

परिषद भाद्रपद वद्य दशमीला होती. सखुबाई सकाळपासून कुरकुरत होती. “पित्तरपाटमा कोनी नवं काम काढस का? पंधरा दिन थांबतात तर काय व्हतं?”

“पंधरा दिनमा एक आवस ई जाई,” दगाजी म्हणाले, आणि इस्त्रीचा सदरा घातला.

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने नाव विचारलं.

“दगा.”

“दगो? एटले... चीटिंग?”

“यमाला दिलाय, ताई. तुम्हाला नाही देणार.”

मुलगी इतकी हसली की बिल्ल्यावर तिने ‘डागा’ लिहिलं. त्यामुळे पुढचा अर्धा तास एक स्वयंसेवक त्यांना मारवाडी गिरणीमालक समजून ‘शेठ’ म्हणत राहिला आणि दोनदा थंड सरबत देऊन गेला. दगाजींनी दोन्ही वेळा घेतलं. “पी ले,” ते अश्विनीला म्हणाले, “शेठनी पोर शेस तू आज.”

सभागृहात तीस-पस्तीस भित्तीपत्रकं होती. कोणी गच्चीवरच्या फुलपाखरांची मोजणी केली होती, कोणी शेवाळापासून खत. दगाजींचं सगळ्यात शेवटी, जिन्याजवळ. वर ‘चांदीच्या तारेने घेतलेली हवेची नोंद’. खाली पुठ्ठ्यावरच्या सहा रंगांच्या पायऱ्या, खऱ्या तारांच्या. येणारेजाणारे थांबून त्या तारांना बोट लावत. छान दिसत होत्या. जरीच होती शेवटी.

परीक्षक तिघे आले. त्यांच्यात एक मराठी बाई होत्या, त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या. त्यांचा मराठी आवाज ऐकून दगाजींचे खांदे सैल झाले. त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं: जोडवी, तारा, पेले, बारडोली. बाई मान हलवत होत्या. मग त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं.

“काका, हे काय? आवस?”

“अमावस्या, ताई.”

“ते कळलं. पण इथे कशाला?”

“त्या दिवशी तार काळी पडते. पुनवेला पण पडते. मधल्या दिवसांत नाही. पस्तीसपैकी सत्तावीस वेळा.”

दुसरे परीक्षक वाकून बघू लागले. गृहस्थ विनोदी असावेत. “तो पछी लींबु-मरचां पण लटकाव्यां छे के नहीं?”

“लटकवले असते, साहेब,” दगाजी म्हणाले. “पण लिंबाला काळं पडायला फार दिवस लागतात. तार लवकर सांगते.”

सगळे हसले. आजूबाजूचेही हसले. दगाजींना वाटलं, जमलं. अश्विनी मात्र बाईंच्या पेनाकडे बघत होती.

“बरं, कारण काय?” बाईंनी विचारलं. “अमावस्येलाच का?”

सतरा महिने दगाजी या प्रश्नाभोवती फिरत होते. काहीही सांगता आलं असतं.

“कारण माहीत नाही, ताई. पडते, एवढं माहीत आहे. तिथे बावीस मुलं बसतात, तेही माहीत आहे.”

“कारण सांगता येत नसेल तर याला योगायोग म्हणतात, काका. आणि तिथी लिहिली की लोक याला दुसरंच काहीतरी म्हणतात.” बाईंचा स्वर वाईट नव्हता. “पण तुमची चिकाटी मात्र खरंच मोठी आहे.”

अश्विनी चार वर्षं प्रयोगशाळेत काम करत होती. चिकाटीचं कौतुक सुरू झालं म्हणजे निष्कर्ष वाचणं थांबलं, हे तिला माहीत होतं.

दगाजी खाली पाणी प्यायला गेले. फाटकाजवळच्या टाकीशी पहारेकरी बसला होता. मगनभाई नाव. सकाळी भित्तीपत्रकांचे फळे वर चढवणारा तोच. सत्तरीचा, उन्हाने करपलेला. त्याचं गाव तापीच्या मुखाजवळ, माशांवर जगणारं.

“तमे पेला तारवाळा ने?” ते तारवाले तुम्हीच ना, असं त्याने विचारलं. “में वांच्युं. अमास-पूनम.”

“हसले सगळे, मगनभाई.”

“हसे ज ने. एमणे दरियो क्यां जोयो छे?” त्यांनी समुद्र पाहिलाय कुठे, असं म्हणत मगनभाईने बिडी कानावरून काढली, पण पेटवली नाही. “अमास-पूनमे मोटो जुवाळ आवे, भाई. मोठी भरती. पाणी छेक खाडीमां चढे. खाडी ऊंधी चाले.”

“उलटी?”

“ऊंधी. बपोरे, बे-त्रण वागे. पछी ओट आवे एटले बधुं ताणी जाय. सांजे जुओ तो काई नहीं.” त्याने दगाजींकडे नीट पाहिलं. “जे नाखे छे ने, ए दरियो जाणे छे.”

जो टाकतो त्याला समुद्र कळतो. दगाजी हातातला पेला तसाच धरून उभे राहिले. ज्या नदीच्या काठी ते जन्मले ती नदी त्यांनी आयुष्यभर एकाच दिशेने जाताना पाहिली होती. अमळनेरला पाणी उलटं फिरत नाही. सुरतेत बेचाळीस वर्षं राहून त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीला, चिखलच. म्हणजे दुपारी भरतीबरोबर ते गंधकाचं पाणी खाडीतून वर ढकललं जातं, गरनाळ्याशी येऊन तुंबतं, त्या खालच्या खोलीच्या खिडकीखाली. आणि संध्याकाळी पुरावा वाहून जातो. सकाळच्या तारेवर फक्त त्याची सावली राहते.

कारण मिळालं होतं.

नेमक्या त्याच वेळी, वर जिन्याजवळ, मराठी बाई अश्विनीशी बोलत होत्या. त्या परत आल्या होत्या, बहुधा थोडं वाईट वाटून.

“हे बघ, वडिलांना सांग, त्या खाडीवर फार फिरत जाऊ नका. तिथी राहू दे बाजूला, पण चांदी काळी करणारा वायू खराच आहे. आणि त्याची एक खोड आहे. थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं. वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं, गेला. तेव्हाच खरं पळायचं असतं.”

अश्विनीने मान हलवली. घरी सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं.

दगाजी धापा टाकत जिना चढून आले तेव्हा सभागृहात खुर्च्या लागत होत्या. प्रमाणपत्रं वाटायची वेळ झाली होती. सरबत देणारा स्वयंसेवक दारात आडवा झाला.

“कारण सापडलं,” दगाजी म्हणाले. “बाईंना दोन मिनिटं बोलव. भरती आहे ती.”

“अब कुछ ऐड नहीं होगा, सर. शीट जमा हो गई.” मघाशी शेठ म्हणणारा आता सर म्हणत होता. “अगले साल.”

दहा निष्कर्षांत त्यांचं नाव नव्हतं. फुलपाखरांचं होतं.

परतीच्या बसमध्ये ते अमरोलीपर्यंत एकटेच बोलत होते. भरती, ओहोटी, दोन-तीन वाजता, उलटी खाडी. कोणी नाही म्हटल्याचं दुःख त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हतं, आणि त्यामुळे अश्विनीला जास्त त्रास होत होता. बाईंचं नाव काढलं तर तो सगळा प्रसंग पुन्हा उभा राहील. आप्पा आता खुशीत आहेत. उद्या सांगू, तिने ठरवलं.

उद्या ते पहाटेच नवा अर्ज लिहायला बसले. परवा कचेरीत गेले. भरतीची वेळ, पाण्याची दिशा, चाकांचे ठसे, सगळं नीट लिहिलं होतं. कारकुनाने या वेळी हसणं टाळलं. साहेब रजेवर होते, श्राद्धाचे दिवस. “अमास पछी आवो, काका,” तो म्हणाला. म्हणजे अवसेनंतर.

दगाजींनी घरी येऊन स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं. मग सखुबाईला म्हणाले, “आवसले पोरेसले तठे बसाडू नको.”

“आनि बेनले काय सांगू? अंगणवाडी मन्ही शे का?”

“सांग, सर्वपित्री शे. आमना पित्तरेसनी खीर शे. बठ्ठा पोरेसले देऊळमा जेवाले बलावेल शे.”

सखुबाई हसली. सतरा महिन्यांत पहिल्यांदाच तिला नवऱ्याचं हे तारेचं वेड समजल्यासारखं झालं. “पित्तरं बी कामले लावनात तुम्ही!”

अंगणवाडीच्या गुजराती बेनला काहीच अडचण नव्हती. श्राद्धाच्या खिरीला सुरतेत कोण नाही म्हणतं? अमावस्येला सकाळी बावीस मुलं एकमेकांचा सदरा धरून रांगेने चढ चढली. देवळाच्या ओट्यावर पत्रावळी मांडल्या. खीर, उडदाचे वडे, भजी. दगाजींनी पहिला घास पत्रावळीच्या तुकड्यावर काढून देवळाच्या कठड्यावर ठेवला, आणि लगेच दोन कावळे उतरले. ते बघून ते थोडे चमकले. खाली, खाडीवर, कावळे दिसून किती दिवस झाले, याची नोंद त्यांनी ठेवली नव्हती.

मुलांना त्यांनी स्वतः वाढलं. एका मुलाने खिरीतली चारोळी काढून बाजूला ठेवली, तर म्हणाले, “काय रे, शेठ! चारोळी नही चालत?” स्वतः मात्र जेवले नाहीत. सखुबाईने त्यांचं ताट वाढून ठेवलं.

दोन वाजत आले तेव्हा ते उठले. आजवर त्यांनी तारा सकाळीच पाहिल्या होत्या. सगळं होऊन गेल्यावर. आज पहिल्यांदाच त्यांना वेळ माहीत होती. गरनाळ्यावर उभं राहायचं, पाणी उलटं फिरताना बघायचं, टँकर आला तर फोटो काढायचा. फोटोवर तारीख आपोआप येते, हे अश्विनीनेच त्यांना शिकवलं होतं. तारखेचा फोटो आणि तिथीची वही, दोन्ही सोबत असले की मग कोणी हसणार नाही. “खाले उतरू नका,” सखुबाई म्हणाली. ते म्हणाले, “वरूनच दखस.”

अश्विनी कॉलेजात होती. बाईंचं बोलणं अजून तिच्याजवळच होतं.

दगाजींच्या मोबाईलमध्ये नंतर एकच फोटो सापडला. त्यात टँकर नाही. नुसती खाडी आहे, आणि तिच्यावरचा पिवळट फेस गरनाळ्याकडे, म्हणजे उलट्या बाजूला, सरकताना दिसतो. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीची खोली उघडली तेव्हा भिंतीवरच्या पाली जमिनीवर पडलेल्या होत्या. खोली आता वर, सभागृहात भरते. कागद आठ दिवसांत निघाला.

त्या दुपारच्या नऊ तारा अश्विनीने वहीत चिकटवल्या. पहिली, घराच्या दारातली, जांभळी. आठवी काळी. नवव्या तारेशी जुळेल असा रंग पुठ्ठ्यावर नव्हता, आणि हात लावताच तिचे दोन तुकडे झाले. शेजारी तिने तिथी लिहिली आहे: भाद्रपद, आवस. वहीत तेवढं एकच पान तिच्या अक्षरातलं आहे.

सखुबाईला विचारलं तर ती फक्त फोनचं सांगते. अडीच वाजून गेले होते. मुलं जेवून ओट्यावर आडवी झाली होती, ती स्वतः पत्रावळी गोळा करत होती. फोन त्यांचा होता. मागे पाण्याचा आवाज नव्हता, गाडीचा नव्हता, कशाचाच नव्हता. काय दिसतंय म्हणून तिने विचारलं. पाणी फिरलंय म्हणाले. टँकर येऊन गेला असेल, आपल्याला उशीर झाला, म्हणाले. आवाज रोजचाच होता, उलट थोडा मोकळा. हौदाचं काम नीट उतरलं की घरी येऊन बोलायचे तसा. नववी तार काढतो आणि येतो, म्हणाले. आणि मग म्हणाले,

“पहिले वास येत व्हता, आते तर काहीच नही. हवा साफ शे. खीर झाकी ठेव, येस मी.”